विसाराचे पैसे कसे पाठवावेत? चेक, एनईएफटी, आरटीजीएस की यूपीआय (अनुभव धागा)

निवांत_नाना
दसऱ्याच्या बुकिंगच्या जाहिराती सुरू झाल्या आणि कपाटातली जुन्या फ्लॅटची फाइल आठवली. तेव्हा विसार (घर पक्कं करताना द्यायची आगाऊ रक्कम) म्हणजे डीडी, दुसरा विचारच नव्हता. आता एजंट म्हणतो जीपे करा, बिल्डर म्हणतो आरटीजीएस मारा, शेजारी म्हणतो चेकच बरा. ज्यांनी ही कामं केली आहेत किंवा बँकेत, सीएकडे, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसून पाहिली आहेत त्यांनी लिहा. रामकहाणी नको, काय करायचं आणि कुठे अडतं तेवढंच.

सुरुवात मीच करतो. पहिला प्रश्न रकमेचा. यूपीआयने माणसाकडून माणसाला दिवसाला १ लाख. आयएमपीएस ५ लाखांपर्यंत. एनईएफटीला खालची मर्यादा नाही, दर अर्ध्या तासाने बॅच निघते. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे, वर मर्यादा नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू. पण हे नेटबँकिंगचं झालं. शाखेतून करणार असाल तर शाखेची वेळ, दुसरा-चौथा शनिवार आणि खुद्द दसऱ्याची सुट्टी धरा. मुहूर्त साधायचा आणि शाखेला कुलूप, हे दरवर्षीचं.

दुसरं, ॲपची स्वतःची रोजची मर्यादा असते. रिझर्व्ह बँकेने आरटीजीएसला मर्यादा ठेवली नाही म्हणून तुमचं ॲप ८ लाख सोडेलच असं नाही. शिवाय नवा लाभार्थी जोडला की बऱ्याच बँका पहिला दिवसभर किंवा जास्त काळ छोटीच रक्कम जाऊ देतात. लाभार्थी आठवडाभर आधी जोडा, मर्यादा त्याच दिवशी वाढवून घ्या.

ठाणेकरीण
नाना बरोबर, पण रकमेपेक्षा नंतर काय दाखवता येतं ते बघा. होमलोनच्या फाइलीत स्वतःचा हिस्सा भरल्याचा पुरावा मागतात. पावती आणि त्याच रकमेची तुमच्या स्टेटमेंटमधली नोंद, दोन्ही जुळायला लागतात. आरटीजीएसचा यूटीआर (व्यवहाराचा नंबर) २२ अक्षरी, एनईएफटीचा १६ अक्षरी. तो पावतीवर आणि साठेखतात (विक्रीच्या करारात) जसाच्या तसा लिहिला की विषय संपला.

यूपीआयच्या नोंदीत व्हीपीए (यूपीआयचा पत्ता) आणि १२ अंकी नंबर असतो, समोरच्याचा खाते क्रमांक नसतो. ५१ हजार कुणाच्या कुठल्या खात्यात पडले हे त्यावरून सिद्ध करत बसावं लागतं. एजंटच्या नंबरवर तर अजिबात नको, कितीही "नंतर ॲडजस्ट करतो" म्हणाला तरी.

भोपळे_चौकातला
आमच्याकडे एजंटचा चहासुद्धा ॲडजस्ट होतो 😄

सीएबाई
टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कुणी लिहिलाच नाही अजून. घराची किंमत किंवा मुद्रांक मूल्य (सरकारी दराने येणारी किंमत) ५० लाख वा जास्त असेल तर १ टक्का खरेदीदाराने कापायचा, आणि तो शेवटी एकदम नाही, प्रत्येक हप्त्यातून. विसार हा पहिला हप्ताच.

आता गंमत बघा. ७२ लाखांचा फ्लॅट, विसार २ लाख. १ टक्का म्हणजे २,००० कापले, पाठवायचे १,९८,०००. आरटीजीएसचा फॉर्म भरून लोक काउंटरवर येतात आणि तो घेतलाच जात नाही, कारण रक्कम २ लाखांच्या खाली. मग एनईएफटी करा, नाहीतर विसारच २,०५,००० ठरवा: २,०५० कापून २,०२,९५० जातात.

पावतीत दोन्ही आकडे हवेत: "यूटीआर अमुकने १,९८,००० आणि टीडीएस २,०००, एकूण २,००,०००". नुसते १,९८,००० लिहिले की विक्रेत्याच्या डोक्यात दोन हजार कायम बाकी राहतात.

भरायची मुदत: ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवस. ५ ऑक्टोबरला पैसे दिले तर ३० नोव्हेंबर. उशीर झाला तर रोज २०० रुपये लेट फी (टीडीएसच्या रकमेपर्यंतच), व्याज वेगळं. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, दोघांचा पॅन पुरतो. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला आहे का ते पैसे पाठवण्यापूर्वी बघा. पॅन निष्क्रिय निघाला तर १ नाही, २० टक्के.

(नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत. मी सवयीने जुनेच लिहीन.)

मोरपीस
२,५१,००० करायचे, शकुनही होतो.

सीएबाई
करा की! २,५१० कापून जातात २,४८,४९०. शकुनाचा रुपया आयकर खात्याला.

मोरपीस
😂😂 त्यांचं तरी भलं होवो

बाराखडी
ताई, दोघे भाऊ विकतायत, प्रत्येकी ३० लाख. ५० च्या आत ना?

सीएबाई
नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विक्रेत्यांची आणि सगळ्या खरेदीदारांची रक्कम एकत्र धरतात. ६० लाख झाले, टीडीएस लागला. आणि टीडीएसचे फॉर्म जोडीनुसार वेगवेगळे: नवरा-बायको घेणार, दोन भाऊ विकणार, तर चार फॉर्म. म्हणून विसारही दोन भावांच्या दोन खात्यांत आपापल्या हिश्श्याने पाठवा. एकाच्याच खात्यात सगळे टाकले की दुसऱ्याच्या नावाचा टीडीएस आणि बँकेतली नोंद यांचा मेळ बसत नाही.

कर्वेरोडकर
बिल्डरकडून घेताना खातं कुठलं ते बघा हो, मार्ग नंतर. महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) १ जुलै २०२४ पासून प्रकल्पागणिक तीन खाती सक्तीची केली आहेत, तिन्ही एकाच बँकेत. ग्राहकाचे सगळे पैसे आधी कलेक्शन खात्यात, तिथून ७० टक्के सेपरेट खात्यात (जमीन आणि बांधकामासाठीच), ३० टक्के ट्रान्झॅक्शन खात्यात. तुम्हाला फक्त कलेक्शन खात्याचा नंबर लागतो. अलॉटमेंट लेटर आणि साठेखतात तो छापलेला असायला हवा.

जीएसटी त्या खात्यात जात नाही, म्हणून बिल्डर दोन ट्रान्सफर मागतो. ते बरोबरच आहे, घाबरू नका. पण दुसरा नंबर कंपनीच्या नावाचा आहे ना, की भागीदाराच्या बचत खात्याचा, हे बघा.

आणि नोंदणीकृत साठेखताआधी १० टक्क्यांच्या वर बिल्डरला घेता येत नाही (रेरा कलम १३). ८० लाखांच्या फ्लॅटला ८ लाखांच्या वर मागत असेल तर आधी रजिस्ट्रेशनची तारीख मागा.

सातारी_कंदी
खात्याचा नंबर व्हॉट्सॲपवर येतो, मग "अहो खातं बदललंय" असा मेल येतो. हा सापळा आहे. बदल आला की साइट ऑफिसच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावा, मेलमधल्या नंबरवर नाही. कॅन्सल्ड चेक मागा, त्यावर नाव, नंबर, आयएफएससी (शाखेचा कोड) तिन्ही छापलेलं असतं.

आरटीजीएस-एनईएफटीत पूर्वी पैसे फक्त नंबरवर पडायचे, नाव जुळतंय का कुणी बघत नव्हतं. १ एप्रिल २०२५ पासून बँकांना नाव दाखवायची सोय द्यावी लागते. नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेतलं नाव दिसतं, फुकट. नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा. "ते आमच्याच ग्रुपचं आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

१ रुपया पाठवून बघणारे: आरटीजीएसने जमत नाही, आयएमपीएसने पाठवा.

भोपळे_चौकातला
१ रुपया पाठवला की शकुनाचा प्रश्नही मिटला

डोंगरवाट
जुन्या विसार पावतीचे नमुने फिरतात त्यातले आयएफएससी तपासा. देना आणि विजया बँकेचे कोड १ मार्च २०२१ पासून बंद आहेत, सिंडिकेटचे त्याच वर्षी जुलैपासून. आयएफएससी ११ अक्षरी, पाचवं अक्षर शून्य. तिथे इंग्रजी ओ टाईप करणारे रोज भेटतात. सहकारी बँकांच्या खाते क्रमांकात पुढची शून्यं असतात, ती गाळू नका.

शाखेतून करताना चेकवर "युअरसेल्फ फॉर आरटीजीएस" आणि मागच्या बाजूला लाभार्थ्याचं नाव-नंबर लिहा. फॉर्मवरचा आकडा आणि चेकवरचा आकडा वेगळा असला की दोन्ही परत. रिमार्कमध्ये विंग, फ्लॅट नंबर, "विसार" एवढंच टाका. तिरकी रेघ, अँडचं चिन्ह वगैरे बऱ्याच ॲपना चालत नाही.

मोरपीस
चार्जेस किती पडतात?

डोंगरवाट
ॲपवरून बचत खात्यातून एनईएफटीला काही नाही. शाखेतून आरटीजीएस २ ते ५ लाखांना जास्तीत जास्त २५ रुपयांच्या आत, ५ लाखांवर ५० च्या आत, वर जीएसटी. पैसे येणाऱ्याला शून्य. सत्तर लाखांच्या व्यवहारात यावर डोकं लावू नका.

ठाणेकरीण
आणि तरी भांडणारे असतात 🙏

पिंपळपान
मी चेकच्या बाजूने. रिसेलमध्ये कागद अजून कच्चे असतात: सोसायटीची एनओसी नाही, शेअर सर्टिफिकेट बँकेकडे गहाण. अशा वेळी चेक देऊन पावतीवर "एनओसी दाखवल्यावर चेक वटवायचा" असं लिहिता येतं. आरटीजीएस गेला की गेला. लाभार्थ्याच्या संमतीशिवाय बँक तो ओढून घेत नाही.

पण दोन गोष्टी. ५० हजारांच्या वरच्या चेकला पॉझिटिव्ह पे: नंबर, तारीख, नाव, रक्कम आपल्या बँकेला आधी कळवायची. ५ लाखांच्या वर ते न कळवल्यास बऱ्याच बँका चेक परत करतात. आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग स्कॅन होऊन जातात, तुमच्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यावं लागतं. "आज चेक देतो, परवा एफडी मोडून पैसे टाकतो" हे दिवस गेले. चेक वटला नाही तर कलम १३८ (चेक बाउन्सचा गुन्हा) आहेच.

कर्वेरोडकर
पिंपळपान, अट लिहून चेक देणं ठीक, पण विक्रेत्याने अट न पाळता टाकला तर बँक ती पावती वाचत नाही. स्टॉप पेमेंटचा अर्ज हाताशी ठेवा. त्यापेक्षा विसार लहान ठेवा आणि बाकीची रक्कम साठेखताच्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे जाण्याआधी आरटीजीएसने. यूटीआर आला, साठेखताच्या पेमेंटच्या रकान्यात भरला, मग सही. मसुदा आधीच छापून घेऊन रकाना रिकामा ठेवतात आणि पेनाने भरतात; तसं केलं तर प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

पिंपळपान
हे मान्य. लहान म्हणजे किती, तो वादाचा मुद्दा.

निवांत_नाना
रिसेलला १ लाख ठीक वाटतो. तुमचं काय मत?

पिंपळपान
पुण्यात एजंट १ लाखावर हसतात नाना.

निवांत_नाना
हसू देत.

गावाकडचा
रोख कुणी बोललंच नाही 🤐 आमच्याकडे विसार म्हणजे रुमालात बांधूनच.

सीएबाई
२० हजार किंवा जास्त रोख विसार घेणाऱ्यावर तेवढाच दंड (२६९एसएस). व्यवहार फिसकटला तरी लागतो. १९-१९ हजार करून दोनदा घेतले तरी नाही चालत, आधीचे धरून २० ओलांडले की झालं. परत करतानाही रोख नाही, २६९टी. अपवाद एकच: देणारा-घेणारा दोघांचंही फक्त शेतीचं उत्पन्न, करपात्र काही नाही. तुमच्या रुमालवाल्यांना कदाचित तो लागू असेल, पण दोघांनाही असावा लागतो!

आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मालमत्तेच्या दाव्यात २ लाख वा जास्त रोख दिल्याचं म्हटलं असेल तर कोर्टाने आयकर खात्याला कळवायचं. रोख विसाराच्या जोरावर दावा ठोकणाऱ्यांना हे अवघड जातंय.

जर्सीतली_जाई
एनआरआय खरेदीदारांसाठी थोडं. इथून थेट बिल्डरच्या खात्यात वायर करता येते, पण मधल्या बँका चार्जेस कापतात आणि रक्कम १५-२० डॉलरने कमी पडते. बिल्डरची पावती अडते. आधी स्वतःच्या एनआरई खात्यात (परदेशातली कमाई रुपयात ठेवायचं खातं) आणा, मग तिथून रुपयात आरटीजीएस. पुढे विकून पैसे परत न्यायचे तर एनआरईतून गेल्याची नोंद उपयोगी (राहती घरं दोनपर्यंतच). ओटीपी भारतीय सिमवर येतो, रोमिंग चालू आहे का बघा. वेळेचा फरक लक्षात घेऊन आदल्या दिवशी करा.

उलट विक्रेता एनआरआय असेल तर १ टक्का नाही, कलम १९५ लागतं, आकडा बराच मोठा, ५० लाखांची अटही नाही. पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं). विसार देण्याआधीच सीएला विचारा, त्याच्या भावाच्या बचत खात्यात पाठवू नका.

बाराखडी
जाईताई तिकडे थंडी सुरू झाली का

जर्सीतली_जाई
पानं गळायला लागलीत. दिवाळीचा फराळ कुरिअर कसा करायचा त्याचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

मडगावकार
गोव्यात घेणाऱ्यांनी एक बघायचं. इथे लग्न झालेल्यांची मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची धरतात, कागदावर एकाचंच नाव असलं तरी. विकताना दोघांच्या सह्या लागतात. विसारही एकाच्याच नावाने देऊन मोकळे होऊ नका. पावतीवर दोघांची सही, पैसे निम्मे-निम्मे दोन खात्यांत, टीडीएसचे फॉर्मही दोन. मुंबई-पुण्याचे लोक इथेच अडकतात, कारण सात-बाराच्या सवयीने एकच नाव शोधतात.

डोंगरवाट
सहकारी बँकेत पैसे असतील त्यांना सांगतो: विसार आणि पुढचा हप्ता एकाच छोट्या बँकेत गोळा करून ठेवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला पैसे काढणंच बंद होतं. ठेवींचा विमा ५ लाखांपर्यंत आहे, पण तो मिळेपर्यंत बिल्डरच्या हप्त्याची तारीख थांबत नाही. शिवाय छोट्या बँका आरटीजीएस मोठ्या बँकेमार्फत करतात, त्यांची दुपारची वेळ संपली की दुसऱ्या दिवशी.

ठाणेकरीण
रिसेलमध्ये विक्रेत्याचं लोन चालू असेल तर विसाराचे पैसे त्याच्या लोन खात्यात भरता येतात. साठेखतात "विक्रेत्याच्या सांगण्यावरून अमुक बँकेच्या अमुक कर्ज खात्यात" हे वाक्य घालाच, नाहीतर उद्या विक्रेता म्हणेल मला मिळाले नाहीत. आधी बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचं पत्र) आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागा. काही शाखा कर्ज खात्यात परक्याचा आरटीजीएस घेत नाहीत, डीडीच मागतात. डीडी ५० हजारांच्या वर रोखीने निघत नाही, आणि सप्टेंबर २०१८ पासून त्यावर काढणाऱ्याचंही नाव छापलेलं येतं, ते कामाला येतं.

लिलावप्रेमी
बँकेच्या लिलावातलं घर घेणाऱ्यांनी मर्यादा आधीच वाढवा. आधी अनामत साधारण १० टक्के, बोली जिंकलात की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. बाकी विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. "ॲपची मर्यादा संपली" ही सबब चालत नाही, अनामत जप्त होते. होमलोन पंधरा दिवसांत उभं राहत नाही, त्यामुळे मंजुरी आधी खिशात असू द्या.

मोरपीस
म्हाडाच्या अनामतीला काय?

लिलावप्रेमी
ऑनलाइन भरा. आरटीजीएस/एनईएफटी निवडलं तर चलन निघतं, त्यावर छापलेला खाते क्रमांकच वापरायचा, मागच्या वर्षीचा किंवा मित्राच्या चलनावरचा नाही. चलनावरची रक्कम पैशापर्यंत तीच हवी. परतावा अर्जात दिलेल्या खात्यात येतो, ते खातं बंद करू नका.

बाराखडी
वडिलांच्या खात्यातून पाठवले तर चालेल का विसार? फ्लॅट माझ्या नावावर.

ठाणेकरीण
चालतं, पण लोनवाले विचारतात. वडिलांनी आधी तुमच्या खात्यात टाकावे, तुम्ही तिथून बिल्डरला. वडिलांचं गिफ्ट लेटर साध्या कागदावर करून ठेवा. वडिलांकडून मुलाला आलेल्या भेटीवर तुम्हाला कर नाही.

बाराखडी
आणि टीडीएसचा फॉर्म भरला, पण विक्रेत्याच्या पॅनमध्ये एक अक्षर चुकलं असेल तर?

सीएबाई
ट्रेसेसवर (आयकर खात्याची टीडीएसची साइट) खरेदीदाराचं लॉगिन करा, करेक्शनची विनंती टाका. पॅन बदलायचा असेल तर नेटबँकिंगने पडताळणी करूनही बहुतेक वेळा आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. विनंतीची पोच, साठेखत आणि दोन्ही पॅनच्या प्रती घेऊन जावं लागतं. दुरुस्ती झाली की १६बी (टीडीएसचं प्रमाणपत्र) पुन्हा डाउनलोड करून विक्रेत्याला द्या. जुना चुकीचा १६बी त्यांनी रिटर्न भरताना धरलाय का तेही विचारा.